ओल्या थर्मामीटरची वात

"हिलाबी अजून पंधरा दिस बाटलीतच ठिवाय पायजे हुतं," पडद्यापलीकडून वहिनी मावशींना म्हणाल्या, आणि दोघी हसल्या.

मी पडद्याच्या अलीकडे उकिडवी बसून केळीच्या रोपांचे ट्रे मोजत होते. पडदा दुधी प्लॅस्टिकचा आहे. पलीकडच्या माणसाचा चेहरा दिसत नाही, पण आकार दिसतो. म्हणजे मी तिथे आहे हे त्यांना माहीत होतं. मला ऐकू जावं म्हणूनच वहिनी बोलल्या असतील, नाहीतर ऐकलं तरी ही काही बोलणार नाही अशी त्यांची खात्री असेल. मला दुसरं जास्त खरं वाटलं.

"बाटलीतनं काढल्यालं रोप चार दिस मान टाकतंयच," मावशी म्हणाल्या. "मग धरतंय."

"चार दिस? तीन म्हयनं झालं की."

"एखादं उशिरा धरतंय."

मी ट्रे पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतले.

टिश्यू कल्चरची केळीची रोपं तयार करणारं आमचं युनिट कोल्हापूरच्या बाहेर, चारी बाजूंनी ऊस असलेल्या जागेवर आहे. मी राजारामपुरीतून रोज स्कूटरवर येते. बी.एस्सी. करून मी इथे आले ती प्रयोगशाळेत काम मिळेल म्हणून. पांढरा कोट, काचेच्या बाटल्या, बोलायला कुणी नाही, असं काहीतरी मनात होतं. पण प्रयोगशाळेत जागा नव्हती. युनिटचे मालक, आमचे सर, म्हणाले, हार्डनिंगला माणूस पाहिजे. हार्डनिंग म्हणजे बाटलीत वाढलेल्या रोपाला बाहेरच्या हवेची सवय लावणं. ते सर्व काम मावशी-वहिनींसारख्या बायका करतात, आणि बायका दिवसभर बोलतात.

बाटलीतल्या रोपाला कोरडी हवा म्हणजे काय हे ठाऊक नसतं. आत सगळं दमट. त्यामुळे त्याच्या पानावर मेणाचा थर धरलेला नसतो, आणि पानावरची बारीक छिद्रं त्याला मिटता येत नाहीत. तसंच उचलून उघड्यावर ठेवलं तर तासाभरात ते पालकाच्या जुडीसारखं लोळतं. म्हणून आमच्याकडे एकापुढे एक तीन खोल्या आहेत, प्लॅस्टिकच्या पडद्यांनी वेगळ्या केलेल्या. पहिल्या खोलीत हवेत नव्वद टक्क्यांच्या वर ओल ठेवायची. रोपाला नवं पान फुटलं की दुसऱ्या खोलीत, ऐंशीच्या आसपास. मुळं कोकोपीट, म्हणजे नारळाचा भुसा, धरून बसली की तिसरीत, सत्तरला. तिथून शेडनेटखाली, आणि मग शेतकऱ्याच्या ट्रॉलीत. घाई केली तर पानं करपतात. पण लाडही करायचे नसतात. पहिल्या खोलीत शंभर टक्के ओल दोन दिवस राहिली तर बुरशी येते आणि रोप मानेत कुजतं.

पहिल्या खोलीला बायका बाळंतिणीची खोली म्हणतात. दुसरीला रांगतं घर. तिसरीला अंगण. माझ्या रजिस्टरमध्ये ए, बी, सी असं आहे. ते फक्त मी वापरते.

पहिली खोली मावशींची. नऊ वर्षं त्या तिथे आहेत. सकाळी आत येतात, चप्पल बाहेर काढतात, मधोमध उभ्या राहतात आणि डोळे मिटतात. मग सांगतात, "आज हवा पातळ हाय," किंवा "जाड हाय." मीही त्याच वेळी वही घेऊन आत गेलेली असते. मी लिहिते एकोणनव्वद, किंवा सत्त्याण्णव. मावशींची पातळ आणि माझी नव्वदच्या खालची हवा रोज जुळते हे मी रजिस्टरच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने टिपून ठेवलं होतं. त्यांना सांगितलं नव्हतं.

सांगायचं म्हणजे मराठीत सांगायचं. घरी मी मराठीच बोलते, पण घरी आम्ही जेवण, भाऊ आणि पार्किंग याच्यापुढे फारसं बोलत नाही. शाळेतलं सगळं इंग्रजीत. पहिल्या आठवड्यात मी धीर करून वहिनींना म्हणाले होते, "या खोलीतली आर्द्रता वाढली आहे." त्या हातातला ट्रे घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

"काय वाढलीया?"

"आर्द्रता."

"मावशी, आर्द्रता वाढलीया म्हनं. कुनाची वं?"

"ओल म्हनत्यात त्या," मावशी म्हणाल्या.

"मग ओल म्हना की बाई. मी घाबरलो की."

त्यानंतर मी बोलणं कमी केलं आणि भिंतीवर एक पांढरा बोर्ड लावून घेतला. त्यावर आकडे लिहायची. आकड्यांना कुणी हसत नाही.

आकडे काढायचं आमचं साधन जुनं आहे. सरांनी आधी तीन डिजिटल मीटर आणले होते. खोलीत बारीक धुकं सोडणारा फॉगर आहे, त्याच्या पाण्यात तिन्ही भिजून मेले. मग एका लाकडी पट्टीवर शेजारीशेजारी बसवलेले दोन काचेचे थर्मामीटर आले. एक कोरडा. दुसऱ्याच्या बुडाला कापसाची वात गुंडाळलेली, आणि वातीचं दुसरं टोक खाली पाण्याच्या वाटीत. वात पाणी ओढते, ते पाणी हवेत उडतं, उडताना थर्मामीटर गार होतो. हवा कोरडी असेल तर पाणी भराभरा उडतं आणि दोघांत चारपाच अंशांचा फरक पडतो. हवेत आधीच भरपूर ओल असेल तर उडायला वाव नसतो, दोघं जवळजवळ सारखं दाखवतात. फरक बघायचा, शेजारी चिकटवलेल्या तक्त्यात टक्केवारी बघायची, आणि त्याप्रमाणे फॉगर चालू किंवा बंद करायचा. वाचणं आणि फॉगरचं बटण, ही दोन्ही कामं माझी.

त्या वेळी पहिल्या खोलीत तीन हजार रोपं होती, बाटलीतून निघून आठच दिवस झालेली. ती सगळी एकाच शेतकऱ्याची होती, कुरुंदवाडच्या. अडीच एकरांतला ऊस काढून त्यांनी पहिल्यांदाच केळी लावायचं ठरवलं होतं. दोन्ही भावांचा विरोध. ठिबकच्या नळ्या अंथरून तयार होत्या. रोपं बाटलीत होती तेव्हापासून ते दर आठवड्याला बघायला यायचे, दवाखान्यात कुणी असल्यासारखे. येताना वांगी आणायचे.

"पावणं, रोज आला तर काय लौकर वाढनार हाय व्हय?" वहिनी त्यांना विचारायच्या.

"भाऊ इचारत्यात, कुठं हायत तुझी केळी. काय सांगू? बाटलीत हायत म्हनून सांगिटलं तर हसत्यात."

मग खंडेनवमी आली.

त्या दिवशी सगळ्या अवजारांची पूजा असते. सकाळपासून घासायचं काम सुरू झालं. कात्र्या, फवारणीचे पंप, ट्रेची गाडी, सरांची मोटारसायकल, पाण्याची मोटर. सगळं धुऊन पुसून, हळदकुंकू लावून, झेंडूचं फूल. प्रयोगशाळेतल्या मुलींनी मायक्रोस्कोपला हार घातला. वहिनींनी माझ्या रजिस्टरला आणि पेनाला कुंकू लावलं, आणि विचारलं, "बोर्डालाबी लावू का? त्योच बोलतोय तुमच्या वतीनं." मी मान हलवली. त्यांनी बोर्डालाही लावलं.

मावशी थर्मामीटरच्या पट्टीपाशी होत्या. काच त्यांनी ओल्या फडक्याने इतकी पुसली की आकडे नवे दिसायला लागले. वाटी राखेने घासली. वात मात्र शेवाळून काळी झाली होती.

"ही आसली वात आजच्या दिशी बरी दिसंल व्हय," त्या म्हणाल्या आणि जुनी वात काढून टाकली.

पिशवीतून त्यांनी कापूस काढला. त्यांच्या घरी घट बसलेले होते, नऊ दिवस दिवा तेवता ठेवायचा होता, त्यामुळे कापूस आणि तेलाची छोटी बाटली त्यांच्याजवळच होती. बोटं तेलात बुडवून त्यांनी तळहातावर वात वळली. लांब, सारखी, गाठ नाही की गुठळी नाही. मी इतकी सुंदर वळलेली वात पाहिली नव्हती. तेलाचा हात लावला की कापूस पिंजत नाही, एकदा वळलेला पीळ सुटत नाही.

मी चार फुटांवर उभी होते. तेल लागलेला कापूस पाणी ओढणार नाही, हे माझ्या डोक्यात आलं. नंतर कधीतरी नाही, तेव्हाच आलं. पण ते इंग्रजीत आलं. त्याचं मराठी करायला मी लागले. वात पाणी घेणार नाही म्हणावं, की तेलामुळे पाणी वर चढत नाही म्हणावं, की आधी "मावशी, एक मिनिट" म्हणावं. तेवढ्यात वात बसली, वाटीत पाणी आलं, पट्टीला हळदकुंकू लागलं आणि वर झेंडू. मावशींनी हात जोडले. आता त्यांना काय सांगायचं? मी पण हात जोडले. मला न बोललेल्या गोष्टी विसरायची सवय आहे. पेढा हातात येईपर्यंत वातीचं डोक्यातून गेलंही होतं.

दुपारी वाचायला गेले तर कोरडा अठ्ठावीस, ओला अठ्ठावीस. फरक शून्य, म्हणजे शंभर टक्के. वाटीत पाणी आहे का बघितलं, होतं. वात ओली आहे का बघितलं; चमकत होती. शंभर म्हणजे फॉगर बंद आणि बाजूचा पडदा वीतभर वर, असा नियम मीच बोर्डावर लिहिलेला. मी फॉगर बंद केला, पडदा गुंडाळला.

मावशी नेहमीसारख्या मधोमध उभ्या होत्या. "हवा पातळ लागतीया बाई."

मी थर्मामीटरकडे बोट दाखवलं. त्यांनी दोन्ही पारे बघितले. वाचता येतं त्यांना, सारखं आहे एवढं त्यांना कळलं.

"काटा म्हनतोय तर आसंल जाड," त्या म्हणाल्या. "आजच पुजलाय त्येला. आज तर खोटं बोलायचा न्हाई."

दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी. वाचायला मी एकटीच सकाळी तासभर आले. अठ्ठावीस, अठ्ठावीस. सगळं ठीक. इतर वेळी त्या खोलीत पाऊल टाकलं की माझ्या चष्म्यावर वाफ धरते आणि मिनिटभर काही दिसत नाही. त्या दिवशी वाफ धरली नाही. मला आठवतं, आज कसं स्वच्छ दिसतंय, असं वाटून मला बरंही वाटलं होतं. बाहेर पाऊस संपून ऊन तापलेलं, ओठ फुटलेले, आणि मी शंभर टक्के लिहून, खाली सही करून, घरी पुरणपोळी खायला गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या खोलीत गेले तेव्हा पडद्याकडेच्या रांगेतली रोपं आडवी झालेली होती. त्यांच्या आतल्या रांगांनी माना टाकलेल्या. पानांच्या कडा कागदासारख्या. पट्टीवर अठ्ठावीस, अठ्ठावीस. मी वात चिमटीत धरली. बोटं पाण्याने ओली झाली नाहीत, तेलकट झाली.

फॉगर लावला, पडदा सोडला, आणि मग मला काय करावं ते सुचेना. मावशी आल्या. दारातच थांबल्या. ओरडतील असं वाटलं, पण त्यांनी पिशवी टाकली आणि रद्दीतले पेपर ओढायला लागल्या.

"मावशी, वात," मी म्हणाले.

"आदी पेपर भिजीव. मग बोल."

पुढचा तासभर आम्ही ओले पेपर ट्रेंवर पांघरत होतो. वहिनी आल्यावर त्याही लागल्या. धुकं इतकं झालं की आम्ही एकमेकींना धडकत होतो. वहिनी म्हणाल्या, "कुनाचा पाय हाय ह्यो?" आणि मावशी म्हणाल्या, "माजा हाय, दे हिकडं." मला अशा वेळी हसू आलं याची लाज वाटली. मी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा कुणीतरी पाणी मागितलं.

दहाच्या सुमाराला सर आले. सोबत कुरुंदवाडचे पाहुणे होते, वांग्यांची पिशवी घेऊन. सरांनी एका ट्रेवरचा पेपर उचलला. पाहुण्यांनी शेजारच्या ट्रेवरचा. पाहुण्यांनी पिशवी खाली ठेवली आणि एक करपलेलं पान बोटाने वर करून बघितलं. ते परत खाली पडलं.

"भावास्नी आता काय सांगू," ते म्हणाले, कुणाला उद्देशून नाही.

"मावशी," सर म्हणाले, "नऊ वर्षांत हे कधी झालं नव्हतं. सणाच्या नादात दोन दिवस फॉगर बंद राहिला असणार, आणि पडदा उघडा. खोली तुमची. तुम्हाला नाही विचारायचं तर कुणाला विचारायचं?"

मावशींनी बटणाकडे बघितलं. बटण कोण लावतं आणि कोण बंद करतं हे त्यांना चांगलंच माहीत होतं. माझ्याकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही.

"व्हय मालक. काल मी आलो न्हाई. एक चक्कर मारून जायाला पायजे हुतं."

"उद्यापासून तुम्ही पिशव्या भरायला जा. इथं मी दुसरी बाई बघतो."

पिशव्या भरणं म्हणजे बाहेर उन्हात मातीच्या ढिगाशी बसणं. मावशींचे गुडघे दुखतात. ते सरांनाही ठाऊक होतं. मावशी नुसतं "बरं" म्हणाल्या आणि पुन्हा पेपर भिजवायला वाकल्या. वहिनी मात्र माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या नजरेत चेष्टा नव्हती. त्या नुसत्या वाट बघत होत्या.

पुढचं आधीच सांगून टाकते. कडेचे आठ ट्रे गेले. बाकीच्या रोपांनी सहाव्या दिवशी नवं पान काढलं, आणि गेलेल्या रोपांच्या बदल्यात सरांनी पुढच्या बॅचमधून रोपं दिली. पाहुण्यांचे अडीच एकर भरले. त्यांचे भाऊ आता स्वतः फोन करून विचारतात की पाणी किती द्यायचं. मावशी अजून पहिल्याच खोलीत आहेत. तेलाचं कळल्यावर त्या कपाळाला हात लावून इतकं हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं, आणि मग म्हणाल्या, "त्याच टायमाला माज्या हातावर चापट मारायची की गं." आता वात माझी मी बदलते, कोरड्या हाताने, आणि मावशी डोळे मिटून काय सांगतात ते आधी लिहून मग पारा बघते. रजिस्टरमध्ये त्यासाठी वेगळा रकाना आहे. पेन्सिलीने नाही, पेनाने.

पण हे सगळं नंतरचं. त्या सकाळी मी फॉगरच्या बटणाशी उभी होते, चष्म्यावर एव्हाना पुन्हा वाफ धरलेली, आणि समोर मला चार धूसर आकार दिसत होते. कदाचित चेहरे दिसत नव्हते म्हणूनच जमलं.

"सर," मी म्हणाले.

आवाज अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. चारही आकार वळले.

"ह्या बोलत्यात व्हय?" पाहुणे म्हणाले.

"बोलूदे की, पावणं," वहिनी म्हणाल्या. "मोडू नगा."

वाक्य जुळवायला वेळ नव्हता. जे आलं ते आलं, आणि ते मराठीतच आलं.

"फॉगर मी बंद केला. पडदा पण मीच उघडला. मावशी म्हणाल्या होत्या हवा पातळ आहे, मी त्यांना काटा दाखवून गप्प केलं. वातीला पूजेच्या वेळी तेलाचा हात लागला होता, आणि तेव्हा मी इथंच उभी होते. मला कळलं होतं सर. मी बोलले नाही. पिशव्या भरायला मी जाते, पण मावशींना हितनं हलवू नका."